माझ्या पाठीमागचा मिथुन

मी एका केबल चॅनलचा लोगो बोलतोय. पडद्यावर वरच्या उजव्या कोपऱ्यात बसणारा, पिवळा आणि गोल. तुम्ही माझ्याकडे कधी नीट पाहिलं नसेल. मी मात्र तुम्हाला रोज पाहिलंय, जेवताना, भांडताना, सोफ्यावर घोरताना.

पनवेलमधल्या एका केबलवाल्याच्या ऑफिसात २००४ साली माझा जन्म झाला. तेव्हा माझा तोरा काय विचारता! नगरपालिकेची सभा असो की गणपतीचं विसर्जन, तो कोपरा माझाच. ज्याच्यावर बसेन तो झाकला जायचा. मला त्याचं काय!

एका नारळी पौर्णिमेला चॅनलचा कॅमेरा मोरा बंदरावर गेला. दयाराम कोळ्यांचा मुलगा मिथुन होडीच्या टोकावर उभा होता. छातीशी सोनेरी कागदाने मढवलेला नारळ. कॅमेरामनने नारळ मध्ये घेतला आणि मिथुनचा चेहरा नेमका माझ्या मागे गेला. "आये, बगतेस ना?" तो हसत ओरडला. ते हसणं सगळ्यांनी ऐकलं, दिसलं कुणालाच नाही.

पुढच्याच महिन्यात तो भर दर्यात होडीवरून पडला. होडी परतली, तो परतला नाही.

देह मिळाला नाही की दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, म्हणजे गेलेला जीव मोकळा होतो. दयाराम तयार होता, पण मिथुनची आई सोनाबाई अडून बसली. "एकदा त्याचं हसतं तोंड दाखवा, मंग काय ते करा." घरात त्याचे फोटो होते, पण सगळे गंभीर. हलता-बोलता मिथुन फक्त त्या कार्यक्रमात होता. चॅनलने आपली टेप केव्हाच पुसून वापरली होती. उरली होती ती त्याच्या बहिणीने, भावनाने, घरच्या व्हीसीआरवर घेतलेली कॅसेट. तिच्यात मीही होतो.

मायलेकी कॅसेट घेऊन पनवेलला दीनानाथच्या स्टुडिओत आल्या. टीव्हीवरून घेतलेल्या चित्रणातले लोगो काढण्यात त्याचा हात बसलेला.

"ती पिवळी टिकली तेवढी काढ बाबा," सोनाबाई म्हणाली. "मागं माजा पोरगा हाय."

"मावशी, मागे काही नसतं हो," दीनानाथ म्हणाला. "कॉम्प्युटर आजूबाजूचे रंग ओढून जागा भरतो, बस."

"तुमी काढा तर," भावना म्हणाली.

त्याने कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि त्या प्रतीत माझ्याभोवती चौकट आखली. चारी बाजूंनी रंग माझ्यावर सरकू लागले. टोपीचा लाल, शर्टाचा पांढरा, आभाळाचा निळा. मी विरघळलो. माझ्या जागी एक चेहरा उरला, गुळगुळीत, ना डोळे ना तोंड. आणि तो चेहरा हसत म्हणाला, "आये, बगतेस ना?"

सोनाबाई किंचाळली, "बंद कर ते! ह्यो माजा नाय! माजा त्या पिवळ्याच्या मागं हाय!"

ती आपली कॅसेट उराशी धरून घरी गेली. पुतळा झालाच नाही. "मागं उबा हाय, त्याला जालू कसा?" असं ती म्हणायची. दयारामने हात टेकले.

पुढे घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले, आमचं चॅनल बंद पडलं. आता मी फक्त या कॅसेटमध्ये आहे. रोज दिवेलागणीला सोनाबाई ती लावते, पडद्यावर बोट टेकवते आणि मला विनवते, "जरा सर रं बाजूला." मला सरकता येत नाही. माझं तोंड तुमच्याकडे, पाठ त्याच्याकडे. मी त्याला एकदाही पाहिलेलं नाही. त्या माउलीकडे पाहून मला फार वाईट वाटतं.

कॅसेट झिजली, तिच्यातला आवाज कधीच गेला. तरी सोनाबाई विचारते, "जेवलास का रं, मिथुन?" आणि थांबते.

काल माझ्या पाठीला गार श्वास लागला. कॅसेटमध्ये कधीच नसलेलं काहीतरी अगदी हळू ऐकू आलं. "नाय, आये. भूक लागलीय. सोड ना मला."

सोनाबाईला ते ऐकू गेलं नाही. तिने कॅसेट मागे घेतली आणि पुन्हा लावली.

भावना, निदान तू तरी ऐक. तुझ्या भावाचा पुतळा कर. त्याला अग्नी देताना ही कॅसेटही त्याच्यावर ठेव. मी आत आहे म्हणून हात आखडू नकोस.