देवीचा रुपेरी पदर

“ताप असलेल्या लेकराला गुंडाळू नका,” गावातल्या आशा सेविका सुनिताने बजावलं होतं. दिपमालाने ते कानाआड केलं. ती बी.एस्सी. झालेली, सुनिता बारावी.

तर गुरुवारी दुपारी मेहरूणच्या मांडवात, शंभरेक माणसांच्या रांगेत, ती दीड वर्षाच्या नवलला कडेवर घेऊन उभी होती. पोराला एकशे एक ताप. सोबत सासू झुंबरबाई.

समोर तोताराम महाराज रांगेतल्या एका म्हाताऱ्यापुढे आरशासारखा लखलखता पदर फडकावत होते. “ना विणलेला, ना शिवलेला. हात घाला, आबा. काय वाटतं?”

“गरम लागस.”

“विस्तव दिसतो?”

“नही.”

“आणि काठाची ही बिनचमकीची पट्टी? देवीने तिथे चिमटीत धरला होता.”

मांडवाने हात जोडले. महाराजांनी येणाऱ्या प्रत्येकाला घरी न्यायला पदराचा एकेक तुकडा द्यायला सुरुवात केली.

नंबर आला तेव्हा महाराजांनी नवलला पदरात गुंडाळलं. दहा मिनिटांत पोर घामाने न्हालं.

“देख, बठ्ठा ताप उतरी ग्या,” झुंबरबाई म्हणाल्या.

दिपमालाने पिशवीतून थर्मामीटर काढून लावला. एकशे तीन.

“देवीची माया यंत्राला कळत नाही,” महाराज म्हणाले.

नवलची मान लुळी पडत होती. तिने पदर ओढून काढला, पोराला पंख्याखाली उघडं ठेवलं आणि पाण्याने अंग पुसू लागली. तिने आधीच फोन केला होता, म्हणून तिचा नवरा किरण कारखान्यातली पहिली पाळी संपवून थेट मांडवात आला. त्याने पोराला हात लावला, मग पदर उचलून आधी काठ पाहिला.

“हा आमच्याकडचा नापास रोल आहे,” तो म्हणाला. “भंगारात गेलेला.”

कारखान्यात तो असेच चमकते रोल बनवायचा. हवा काढून घेतलेल्या टाकीत धातूच्या पत्र्यावर वायूचे कण आदळवतात. पत्र्यातून धातूचे अतिसूक्ष्म कण उडतात आणि सरकत्या प्लास्टिकवर बसतात. काठावर बसू देत नाहीत, म्हणून ती पट्टी कोरी. असा पातळ थर अंगाची ऊब अंगावरच परत फेकतो. प्लास्टिकखाली घाम वाळत नाही, त्यामुळे ताप चढतच जातो.

“म्हणजे गरमी पदराची नाही, आपलीच,” दिपमाला म्हणाली. “पटत नसेल तर वरवंटा गुंडाळा.”

भंडाऱ्याच्या चुलीपाशी बसलेल्या कुंदाबाईंनी वरवंटा दिला. दहा मिनिटांनी झुंबरबाईंनी पदरात हात घातला.

“गार शे.”

“देवी दगडावर प्रसन्न होत नाही,” महाराज म्हणाले.

“मंग तुम्हना मंदिरमा काय शे?”

महाराजांना पाणी प्यायला जावंसं वाटलं. ते मांडवामागच्या बाजूने गेले.

पोराला दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी औषध दिलं. संध्याकाळी नवल दूध प्यायला. दिपमाला सुनिताकडे गेली, माफी मागितली, आणि दोघींनी दारोदार फिरून तीस तुकडे परत गोळा केले. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारायचं: हे दगडावर चालतं का?

एक तुकडा मात्र राहिला. रांगेतले अभिमन नाना तो शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, नातीसाठी घेऊन गेले. नात चार वर्षांची, तापाने फणफणलेली. फोन लागत नाही. तुम्ही त्या बाजूचे असाल तर आज जा. आधी पोरीच्या अंगावरचा तुकडा आणि पांघरुणं काढा, नाव-गाव मग विचारा.