केशोरावांचं नाव

केशोराव मालगुजारांची खादी अजून एकदाही धोब्याकडे गेली नव्हती. महिन्याभरापूर्वी ते गोऱ्या साहेबासमोर कमरेत वाकत. आज गोंदियाच्या मतदान केंद्राबाहेर "मायबहिणींनो, मत द्या" म्हणून घसा कोरडा करत होते. त्यांच्या बायकोला, शामकलाबाईला, हे सोंग बघवत नव्हतं.

एकोणीसशे सदतीस साल. नवऱ्याच्या इस्टेटीमुळे बायकांनाही मताचा हक्क मिळाला होता. पण कारकून विचारी, "पति का नाम?" आणि बाया तोंडाला पदर लावून तशाच परत फिरत. धन्याचं नाव परक्यासमोर घ्यायचं कसं?

शामकलाबाईची पाळी आली. एकदा तापाच्या भरात तिच्या तोंडून नवऱ्याचं नाव निघालं, तर याच माणसानं घर डोक्यावर घेतलं होतं. आज तोच दारातून खेकसला, "सांग ना वं! कायले थांबून राहिली?"

"सांगतो. पन रीतीनं," ती म्हणाली आणि तिनं खणखणीत उखाणा घेतला:

"काल साहेबाचे जोडे पुसले, आज चढवली खादीची टोपी,
केशोरावांचं नाव घेते, बाजू बदलायची रीत मोठी सोपी!"

बाहेर हशा उसळला. घराकडे निघालेल्या बाया वळल्या आणि पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या. प्रत्येकीचे ओठ पुटपुटत होते, यमक जुळवत होते.