धंतोलीतली डावी गाठ

नत्थू कामठीचा विणकर. मोतीबिंदू काढायला धंतोलीतल्या एका दवाखान्यात आला, तर डॉक्टर म्हणाले, अजून पिकला नाही, थांबा. तो तिथेच खाटेवर थांबला. बायको कौसल्येला वाचता येत नव्हतं, आणि धंतोलीत दवाखान्यांना काय तोटा! म्हणून नत्थूने बसथांब्यापासून थेट आपल्या खाटेपर्यंत सुती धागा ओढला. धागा धरून कौसल्या रोज डबा आणू लागली.

पण मोकळा धागा दिसला की माणसाचे हात शिवशिवतात. कुणी त्याला खानावळीचा धागा जोडला, कुणी संडासाचा. यवतमाळच्या एका म्हातारीने तो मांजरीच्या पिल्लांपर्यंत नेला. एकाने तर न बांधलेल्या घरालाच धागा दिला. लोक तिथवर जाऊन रिकामा प्लॉट बघत आणि समाधानाने परत येत. गाईसुद्धा मान वाकवून चालायला शिकल्या.

एक साहेब नोटीस घेऊन आले. "मालक कोण आहे याचा?"

"कोणीच नाही जी," नत्थू म्हणाला.

"मग नोटीस कोणाले देऊ?"

शेवटी त्यांनी ती धाग्यालाच बांधली.

धागा तुटे, पण कामठीची रीत धंतोलीनेही उचलली होती. तुटलेला धागा ज्याला दिसेल त्याने जोडायचा. माग कोणाचा, हे विचारायचं नाही. कौसल्या डावखुरी, तिची गाठ उलटी पडे. नत्थू तिला लग्नापासून त्यावरून चिडवत आला होता.

मग औषधवाल्या कृष्णकांतने बसथांब्यापासून आपल्या दुकानापर्यंत गुळगुळीत नायलॉनची दोरी ओढली. ओसरीवर बाक, माठात गार पाणी. सगळ्यांनी आपापले धागे खुशाल त्याच्या खांबाला बांधले. जुने धागे पायात येतात म्हणत त्याने जागोजागी कापले, तरी कोणी हूं की चूं केलं नाही. बाक होता ना! आता धंतोलीत कुठेही निघालं तरी माणूस कृष्णकांतच्या ओसरीवरच पोचायचा, आणि तो म्हणायचा, "बसा, नंबर येईल."

नेमका तेव्हाच मोतीबिंदू पिकला, ऑपरेशन झालं. नत्थूच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आल्या, आणि कौसल्या यायची बंद झाली. एक दिवस गेला, दुसरा गेला. बाई हरवली, असं त्याच्या मनाने घेतलं.

तिसऱ्या दिवशी त्याने उशाचा धागा ओढला. सैल! तो उठला आणि धागा हाताला गुंडाळत, भिंती चाचपत रस्त्यावर आला. कोपऱ्यावर धाग्याचं कापलेलं टोक हातात आलं. पुढे काही नव्हतं. नत्थू तिथेच मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला.

तेवढ्यात कुणीतरी ते टोक त्याच्या हातातून घेतलं आणि काही न विचारता गाठ मारू लागलं. नत्थूने गाठ चाचपली. उलटी होती.

"दोन दिवस बसवलं त्या ओसरीवर मले. मंग मी उठून तुटके धागे जोडतच निघाली," कौसल्या म्हणाली. "तुम्ही काहून उठले जी? डोळे बांधून कुठं फिरून राहिले?"

"तुले पाहाले आलो वं," नत्थू म्हणाला.