कागदाएवढी फट

मित्रांनो, टेबलावरच्या औषधांच्या कागदांवर मला डोक्यावर उभी केलेली पाहून येणारेजाणारे हमखास विचारतात, "हे काय, लोखंडाची अळंबी?" त्यांचा दोष नाही. पेन्सिलीएवढी दांडी आणि तिच्या टोकाला बाटलीच्या झाकणाएवढं चपटं डोकं, असंच माझं रूप आहे. डोक्याची कड एका बाजूला कुरतडल्यासारखी दिसते. ती तशी का झाली, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

मी एका जुन्या मोटारीच्या इंजिनातली झडप. मिस्त्री लोक मला व्हॉल्व म्हणतात. माझा जन्म आगीतला. पोलादाच्या कांबीचा तुकडा लालबुंद तापवला, दाबाखाली त्याचं एक टोक फुलवलं आणि ते माझं डोकं झालं. मग मला घासलं, मापात घेतलं, तेल लावून कागदात गुंडाळलं. आगीतून आले, आगीतच राहायचं आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

आमच्या इंजिनात चार नळकांडी आणि आम्ही आठ बहिणी, प्रत्येक नळकांड्यावर दोघी. एक श्वास आत घेणारी, एक बाहेर सोडणारी. श्वास घेणारी ती थोरली; ती उघडली की हवा आणि पेट्रोल आत येतं. मग आम्ही दोघी घट्ट मिटतो, खालून पिस्टन वर येऊन सगळं दाबतो, ठिणगी पडते, भडका उडतो आणि त्या धक्क्याने गाडी पुढे जाते. उरलेला जळका धूर बाहेर काढायला मी उघडायचं. थोरलीला गार हवेचा वारा तरी लागायचा. माझ्या वाट्याला सगळा धूरच आला. पण कुणीतरी तोही बाहेर सोडायलाच हवा ना? नाहीतर पुढचा श्वास यायचा कुठून?

हाच माझा नेम. चार कामांतल्या एकापुरतं उघडायचं आणि उरलेली तीन होईपर्यंत मिटून बसायचं. गाडी बेताच्या वेगात असली तरी मिनिटाला हजारदा.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. मी मिटते तेव्हा माझी कड एका गोल कड्यावर टेकते. त्याला माझी बैठक म्हणतात. तिथे टेकले की अंगातली आग त्या बैठकीतून इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याकडे निघून जाते. ते टेकणं म्हणजे डोळ्याचं पातं लवेपर्यंतचा विसावा, पण तेवढ्यावर मी वर्षानुवर्षं तरले. आणि मला पुरतं टेकता यावं म्हणून माझी दांडी आणि तिला दाबणारा हातोडीसारखा रॉकर यांच्यामध्ये एक बारीक फट ठेवलेली असते. मी तापले की माझी दांडी वाढते. ती वाढ त्या फटीत सामावते. फटीमुळे रॉकर माझ्यावर पडताना टिक असा आवाज होतो, इतकंच.

आमची गाडी एका चित्रकलेच्या मास्तरांची. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच. मास्तरांच्या मिशा पांढऱ्या झाल्या तरी ताई त्यांना 'छोट्या'च म्हणायची. मिस्त्रीही एकच, पहिल्या दिवसापासूनचा. एकदा त्याने मला बाहेर काढून, काठीच्या टोकाला लावलेल्या रबरी वाटीने दोन तळव्यांत फिरवत, बैठकीवर घासून बसवलं होतं. मग उजेडात धरून म्हणाला होता, "बघा मास्तर, कड कशी चंद्रकोरीसारखी चकाकतेय. हा व्हॉल्व तुम्हाला शेवटपर्यंत साथ देणार." माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं कौतुक.

पुढे ताईची मूत्रपिंडं थकली. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सातला टेकडीपलीकडच्या इस्पितळात तिचं रक्त शुद्ध करायचं ठरलं. तिथली यंत्रं मोजकी, माणसं फार. उशीर झाला की यंत्र दुसऱ्याला लागायचं. म्हणून मास्तर सहाला गाडी काढायचे. ताई मागच्या सीटवर बसून क्षणभर डोळे मिटायची आणि मग म्हणायची, "चल."

परतताना तिचं डोकं दुखायचं. एका शुक्रवारी ती कपाळ दाबत म्हणाली, "छोट्या, ही टिकटिक रे! अगदी मेंदूत सुई टोचल्यासारखी वाटते."

एवढंच म्हणाली. मास्तर दुसऱ्याच दिवशी गॅरेजात हजर.

"मिस्त्री, ही टॅपेटची टिकटिक बंद करा."

मिस्त्रीने इंजिनावरचं झाकण काढलं, पोलादाची पातळ पट्टी आमच्या फटीत सरकवून पाहिली आणि मान हलवली. "माप बरोबर आहे. ही फट तुमच्या चित्राच्या जाड कागदाएवढी हवीच. वाजणारा व्हॉल्व सुखी असतो, मास्तर. मुका झाला की समजायचं, त्याला बसायला जागा उरली नाही."

"थोडी कमी करा हो. अर्धा कागद."

"अहो, अर्ध्या कागदावर तुम्ही पोरांना पूर्ण चित्र काढू देता का?"

मास्तर हसले नाहीत. "मिस्त्री, माझ्या हातात तिच्यासाठी दुसरं काय आहे सांगा? औषध डॉक्टरांचं, रक्त यंत्राचं. एवढा आवाज तरी मला बंद करू द्या."

मिस्त्रीने हात पुसले. मग त्याने पाना घेतला आणि स्क्रू फिरवला. त्याला माहीत होतं, तरीही फिरवला. मित्रांनो, माझ्यावर जो अन्याय झाला तो रागाने नव्हे, मायेने झाला. म्हणून तर त्याला कुणी अडवलं नाही.

गाडी शांत झाली. ताई म्हणाली, "अगंबाई, गाडी नवी घेतलीस की काय?" मास्तरांचा चेहरा उजळला. मीही क्षणभर सुखावले.

पण टेकडीच्या चढावर मी तापले, दांडी वाढली आणि वाढायला जागाच नव्हती. मिटायची वेळ आली तरी माझी कड बैठकीपासून केसभर वरच राहिली. त्या केसाएवढ्या वाटेने प्रत्येक भडक्याची ज्वाळा माझ्या कडेला चाटून जाऊ लागली. टेकणं नाही, तर आग उतरणार कुठे? नेम मोडला नाही, उघडणं-मिटणं चालूच होतं. पण विसावा गेला. ओरडायचं म्हटलं तर माझा आवाजच काढून घेतलेला.

त्याच सुमारास मागच्या सीटवरही फार शांत असायचं. ताई कपाळ दाबत नव्हती, काही मागत नव्हती. मास्तर आरशात बघून विचारायचे, "बरं आहे ना?" ती म्हणायची, "अगदी बरं." आणि ते निश्चिंत व्हायचे.

दोन महिने असे गेले. एका मंगळवारी अर्ध्या चढावर माझी कड फुटली. दाब माझ्याच अंगावरून निसटून जाऊ लागला आणि आमचं नळकांडं नुसतं धापा टाकू लागलं. गाडी थरथरत, लंगडत, माणसाच्या चालीने चढू लागली. उरलेली तीन नळकांडी आमचा भार ओढत होती. सहा बहिणींचे श्वास मला ऐकू येत होते आणि मला मान खाली घालायलाही जागा नव्हती.

"काय झालं रे?"

"कचरा आला असेल पेट्रोलमध्ये. पोचतो आपण." मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेसात वाजले होते आणि निम्मा चढ बाकी होता. त्यांनी आरशात पाहिलं. "ताई, पाय वर का घेतलेस?"

"चप्पल होत नाही पायात."

"कधीपासून?"

"झाले असतील आठ-दहा दिवस. थोडा दमही लागतो."

"आणि तू बोलली नाहीस?"

"एकदा टिकटिकीचं बोलले, तर तू गाडी खोलून घेतलीस," ताई थांबत थांबत म्हणाली. "पायाचं बोलले असते, तर मलाच खोलून घेतलं असतंस."

मास्तर अगदी हळू म्हणाले, "मला वाटलं, तू गप्प आहेस म्हणजे बरी आहेस."

इस्पितळाच्या दारात पोचायला साडेसात झाले. दारातल्या परिचारिकेने सांगितलं, "यंत्र दुसऱ्यांना लावलं. आता एक वाजता." मास्तरांनी हात जोडले. ती म्हणाली, "काका, तेही कुणाचे तरी आहेतच ना?" ताईला धरून ते आत गेले. मी बाहेर उन्हात हळूहळू थंड होत राहिले. इतकी वर्षं ज्या गारव्यासाठी तळमळले, तो त्या दिवशी नकोसा झाला. माझ्या एका कडेवर कुणाचा श्वास अडकला होता.

एक वाजला, चार वाजले, पाच वाजले. मग मास्तरांच्या खांद्याचा आधार घेत ताई बाहेर आली. चेहरा फिकुटलेला होता, पण पायांत चप्पल होती.

गॅरेजात इंजिनाचं डोकं उघडलं गेलं. मिस्त्रीने मला हातावर घेतलं, जळक्या कडेवरून अंगठा फिरवला आणि खाली बघतच बोलला, "चूक माझी, मास्तर."

"हट्ट माझा होता."

"हट्ट गिऱ्हाइकाचा असतो. हात माझा होता."

माझ्या जागी नवी झडप बसली, जाड कागदाएवढी फट ठेवून. शुक्रवारी गाडी सुरू झाली तशी टिकटिक सुरू झाली. मास्तर ओशाळून म्हणाले, "ताई, आवाज येणार."

"येऊ दे," ती म्हणाली. "ती तिचं सांगेल, मी माझं सांगेन. तू ऐक म्हणजे झालं." काढलेली झडप म्हणून मिस्त्रीने मला गाडीतच ठेवलं होतं; तिने मला मागून घेतलं. "वाहून वाहून थकलीय बिचारी. हिला घरी नेऊ."

तेव्हापासून मी इथे आहे. रोज सकाळी स्वयंपाकघरातून हाक येते, "ताई, पाय?" ताई कधी म्हणते, "आज हलके आहेत," तर कधी, "आज जड वाटतात रे, दमही लागतोय." जड म्हटलं की आत भांड्यांचा आवाज थांबतो आणि मास्तर हात पुसत बाहेर येतात.

मित्रांनो, जे तुमच्यासाठी राबतं, ते यंत्र असो की माणूस, त्याला टेकायला जागा द्या. त्याची कुरकुर कानाला टोचली तरी ती मायेनेसुद्धा बंद करू नका. आणि रोज कुरकुरणारं कुणी अचानक गप्प झालं, तर सुटलो म्हणू नका. जवळ जा, पाय बघा.

आत्ताच ताईने मला उचलून खालचे औषधांचे कागद काढले आणि नुसत्या टेबलावर ठेवलं. तुटकी का होईना, माझी कड आज टेबलाला टेकली आहे. मी बसले आहे.