युनिस मावशी खाली बसली

संयुक्त राष्ट्रांकडून एक बाई येणार, हे आम्हाला महिनाभर आधीच कळलं होतं. धड अन्न मिळणं हा माणसाचा हक्क आहे, आणि तो कुठे पाळला जातो, कुठे नाही, हे त्या देशोदेशी फिरून पाहत. उत्तर कॅनडातल्या आमच्या क्री आदिवासींच्या गावात त्या एकच दिवस थांबणार होत्या.

गावात दुकान एकच, आणि मी तिथे कामाला होते. तळी गोठली की दोन महिने बर्फावरून ट्रक येतात, एरवी सगळा माल विमानानं. त्यामुळे चार लिटर दूध चौदा डॉलरला.

आदल्या संध्याकाळी मॅनेजर ग्रॅहमनं मला बोलावलं. "व्हर्ना, उद्या उघडायच्या आधी दूध, सफरचंदं, बाळांच्या दुधाची पावडर, सगळ्यांची लेबलं बदल. निम्मे भाव. एक दिवसाची सवलत समज."

"आणि परवा?"

"परवाचं परवा बघू. तुला पूर्णवेळ काम हवं होतं ना? सोमवारपासून ये."

मी मान हलवली. पदरात मुलगी होती, पण ती काही उपाशी नव्हती, हेही खरं सांगायला हवं. सकाळी लवकर जाऊन मी लेबलं चिकटवली. खास मागवलेली लालबुंद सफरचंदं पुसून पुढे मांडली.

दुपारी बाईंना आपलं म्हणणं सांगायला शाळेच्या हॉलमध्ये सगळं गाव जमलं. युनिस मावशी उठली. आई गेल्यावर हिनंच मला वाढवलं. चारचौघांत ती कधी बोलत नसे. त्या दिवशी मात्र ठेवणीतला स्कार्फ बांधून आली होती.

"महिनाअखेरीला मी नातवंडांना नुसती मॅकरोनी उकडून देते," ती म्हणाली. "दुधाऐवजी रंगीत गोड पाणी. मला साखरेचा आजार. डॉक्टर म्हणतात, भाजी खा. मी म्हटलं, डॉक्टर, तुमची भाजी विमानातून फिरते, मी अजून एकदासुद्धा बसले नाही!"

लोक खो खो हसले. पाहुण्या बाईही हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "पण आज सकाळी मी दुकानात गेले होते. दूध सात डॉलरला होतं. माझं काही समजायचं राहिलंय का?"

ग्रॅहम दाराशी हाताची घडी घालून उभा होता. मावशी माझ्याकडे वळली.

"व्हर्ना, दुकानात तूच असतेस. सांग ना गं यांना."

मी म्हटलं, "हल्ली... हल्ली उतरलेत भाव."

हॉलमध्ये बसलेल्यांपैकी निम्म्यांनी आदल्याच दिवशी चौदा डॉलर मोजले होते. तरी कुणी बोललं नाही. परक्यासमोर आपल्या माणसाला उघडं पाडायची आमच्यात रीत नाही. सगळे फक्त माझ्याकडे बघत राहिले.

"असं?" मावशी म्हणाली. "मग माझंच चुकलं असेल. म्हातारी झाले." आणि ती खाली बसली.

दुसऱ्या दिवशी लेबलं पूर्ववत झाली. तीही मीच लावली.

त्याच आठवड्यात मावशीच्या मुलानं रानात मूस, म्हणजे आमच्याकडचं मोठं हरीण, मारला. नेहमीसारखा माझा वाटा घरी आला, तोही पाठीचा, मऊ मांसाचा. मुलीनं तो भाजला, ताटात वाढला. मी ताट बाजूला सारलं. तशीच उठले आणि मावशीकडे गेले. ती बॅनकची जाड रोटी भाजायला पीठ मळत होती.

"मावशी, मी खोटं बोलले."

"ठाऊक आहे. त्या दिवशी सकाळी टपाल घ्यायला दुकानाशी आले होते मी. अजून उघडलं नव्हतं. काचेतून दिसलीस, लेबलं लावताना."

"मग मलाच का विचारलंस?"

"वाटलं, खरं सांगशील."

"ओरड तरी माझ्यावर!"

"ओरडून काय होणार? हाताला चिकटतंय बघ, ते कोरडं पीठ सरकव इकडे."

त्या संध्याकाळी मी पाहुण्या बाईंना पत्र लिहिलं. कुणी काय सांगितलं, मी काय केलं, हॉलमध्ये काय बोलले, सगळं. खाली माझं नाव घातलं. ग्रॅहमला ते कळलं, आणि दुकानातलं काम मग राहिलं नाही.

वर्षभरानं त्यांचा अहवाल आला. पाहणीच्या दिवसापुरते भाव उतरवले जातात, असा त्यात एक परिच्छेद होता. पंचायतीच्या कचेरीत तो मोठ्यानं वाचला गेला आणि कुणीतरी माझी पाठ थोपटली. "वा व्हर्ना, तुझ्यामुळे हं!" धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. दूध अजून चौदालाच होतं.

अहवालानंतर ओटावाहून सरकारी माणसं चौकशीला यायची ठरली. मी मावशीला म्हटलं, "या वेळी तू बोल. मी शेजारी उभी राहते."

"तूच जा," ती म्हणाली. "मला नाही आता उभं राहवत लोकांत."

किती विनवण्या केल्या, ती आली नाही. मी गेले आणि सगळं बोलले. चांगलं बोललीस, असं लोक म्हणाले. घरी येताना मावशीच्या दारावरूनच रस्ता जातो. मी तळ्याकडून वळसा घालून आले.