ब्रेकला केलेले नमस्कार

चौबे कॉलोनीतल्या आमच्या फाटकाबाहेर चपलांचा ढीग पडला होता. मी ऑफिसातून आले तेव्हा रांग शेजारच्या श्रीपादकाकांच्या दारापर्यंत गेली होती. पोर्चमध्ये बाबांची जुनी गाडी उभी होती, मागची बाजू भिंतीकडे, बॉनेटवर झेंडूची माळ, ड्रायव्हरचं दार उघडं. लोक एकेक करून वाकायचे आणि बाबांचे पाय जिथे असायचे तिथे हात लावायचे. क्षणभर शांतता. मग गाडीच्या स्टिरिओतून बाबांचा आवाज यायचा.

बाबांना जाऊन महिना होत आला होता.

"चाबी नाही, इंजिन बंद, तरी विनायकभाऊ बोलून राहिले!" रांगेतली एक बाई पदराने डोळे पुसत म्हणाली. "अन् दरवेळी वेगळं बोलतेत. ज्याले त्याले ज्याचं त्याचं."

हे सगळं आईपासून सुरू झालं. बाबा अनवाणी गाडी चालवायचे. तेरावं झाल्यावर आईने त्यांचे पाय टेकायचे त्या जागी हात टेकून नमस्कार केला आणि बाबा तिला म्हणाले, "ती सुई दूर ठेव! बाटली फेकून दे!"

आईला मधुमेह आहे. त्या दिवसापासून तिने इन्सुलिन घेतलं नाही.

मग अलखानंद महाराज आले. कुणी बोलावलं कोण जाणे. पोर्चमध्ये गादी टाकून बसले आणि अर्थ सांगू लागले. "आत्मा गाडी में अटकलेला आहे, माताजी. बॅटरी काढली तर भटकेल. सुई का त्याग बताया है, तो त्याग करो. आता तुमची साखर ते स्वतः सांभाळतील."

श्रीपादकाकांच्या वाट्याला "परसात खणा, तिथेच पुरलंय सगळं!" हे वाक्य आलं होतं. त्यांनी पेरूच्या झाडाखाली कंबरभर खड्डा खणला आणि नळाचा पाइप फोडला. आळीचं पाणी बंद झालं. महाराज म्हणाले, "जल म्हणजेच धन."

आई दिवसभर पोर्चमध्ये बसून असायची. ओठ सुकलेले. तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती. डॉक्टरांनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की असंच चाललं तर तिला भरती करावं लागेल, आणि तेव्हा कदाचित उशीर झालेला असेल.

"आई, सुई घे गं."

"तुझ्या बाबांनी नको म्हटलं ना."

"जिवंत असताना स्वतः टोचायचे ते तुला."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती, ज्ञानू. आता त्यायले जास्त दिसते." ती माझ्याकडे न बघता बोलली. "तुले आवाज ओळखू येत नाही का बापाचा?"

येत होता. तीच तर अडचण होती. भांडायला अंगात बळ नव्हतं, आणि तो आवाज मलाही हवा होता.

दिवेलागणीला पाण्याचा पंप लावायला मी गाडीमागे गेले. बटण भिंतीवर आहे. पुढे कुणीतरी वाकलं आणि माझ्यासमोरची भिंत लाल झाली. मग आवाज आला. तो माणूस उठला, भिंत विझली, आवाज थांबला. पुढचा वाकला, पुन्हा लाल. पंप न लावता मी बघत राहिले. गर्दी सगळी पुढे होती. मागे बघायला कुणाला कारणच नव्हतं.

माणसं बाबांच्या पायांना नाही, ब्रेकला नमस्कार करत होती.

मी पुढे आले. "महाराज, पायांना हात न लावता बोलवा ना त्यांना."

महाराजांनी डोळे मिटले, मंत्र पुटपुटले, विभूती उडवली. गाडी गप्प.

"यहाँ कोणी अविश्वासी उभा आहे."

"मीच." मी कोपऱ्यातली छत्री उचलली. "पण ही छत्री तर निष्पाप आहे?" मी छत्रीच्या टोकाने ब्रेक दाबला आणि दाबूनच धरला. आतापर्यंत कुणी इतका वेळ वाकून राहिलं नव्हतं.

बाबा बोलू लागले. "कंपाउंडर! दार लाव, डॉक्टर पैसे मागायला येतोय!" मग थोडी शांतता. मग खोकला. "छ्या, चुकलं. आधी खोकायचं, मग वाक्य. पुन्हा घे, विनायका." पुन्हा खोकला, आधीपेक्षा बेतीव. आणि मग तेच, "ती सुई दूर ठेव! बाटली फेकून दे! हं, आता जमलं."

"हे तं नाटक आहे ना बे!" रांगेतून कुणीतरी म्हणालं. श्रीपादकाका आपल्या मातकट हातांकडे बघत राहिले.

आई उठून उभी राहिली होती. "डॉक्टरनी त्यायले मनाई केली होती नाटकाची. तालमीले पळतीन म्हणून मी चाबी लपवली होती." ती गाडीच्या दाराशी आली. "अन् हे इथं बसून..."

मी डॅशबोर्डखाली वाकले. स्टिरिओ सुरू करणारी वायर एरवी किल्लीच्या वायरीला जोडतात. बाबांनी ती सोडवून ब्रेकच्या दिव्याच्या वायरीला जोडली होती, कारण ब्रेकचा दिवा किल्लीशिवाय लागतो. पाय दाबला की पेन ड्राइव्हवर त्यांनीच रेकॉर्ड केलेलं नाटकातलं वाक्य ऐकू येई. पाय उचलला की बंद, मग ते स्वतः म्हणून बघत असतील. दुसरी वायर थेट बॅटरीची, त्यामुळे स्टिरिओ थांबला तिथूनच पुढे सुरू होई. म्हणून ज्याला त्याला वेगळा संदेश. जोडावर निळी टेप होती, टोक दुमडलेलं. पुढे कुणाला उघडायची वेळ आली तर नख लावावं लागू नये म्हणून बाबा नेहमी टोक दुमडून ठेवत. मी त्यावर फक्त बोट फिरवलं.

"यंत्र तो निमित्त है," महाराज गादी गुंडाळत म्हणाले. ऐकायला फारसं कुणी उरलं नव्हतं.

आईने फ्रिजमधून बाटली आणली, पदर बाजूला केला. "टोच. पण वायर तोडू नको."

तोडली नाही. आई अजूनही कधी गाडीत बसून ब्रेकवर पाय ठेवते, बाबांचं ऐकते, आणि वेळ झाली की सुईसाठी घरात येते.

तुमच्याही घरात गेलेल्या माणसाचा आवाज आला तर ऐका जरूर, त्यात काही वाईट नाही. पण त्याच्या सांगण्यावरून औषध बंद करण्याआधी एकदा वाकून खालच्या वायरी बघा. आणि गाडीच्या मागे जाऊन उभे राहा.