पुढचा नंबर

आमच्या दुकानात केस कापायला नंबर लागायचा, आणि बोलायलाही. हे नातवंडांना सांगितलं की ती एकमेकांकडे बघतात, म्हातारी कामातून गेली असं मनात म्हणत असणार. म्हणेनात का. ती हल्ली ज्या दुकानात जातात तिथे सगळे मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसतात आणि कापणारासुद्धा कानात काहीतरी खुपसून गाणी ऐकतो. त्याला दुकान म्हणायचं तर म्हणा बापडे.

बाबांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोन खुर्च्या, दोन आरसे, समोरच्या भिंतीला टेकवलेलं लांब बाकडं. खिडकीजवळची खुर्ची बाबांची, आतली माझ्या मोठ्या भावाची, दादाची. मागे पडदा आणि पडद्यामागे आमचं घर. साबण, तुरटी आणि स्टोव्हच्या वासात मी लहानाची मोठी झाले. माझ्याकडे झाडू होता आणि पाणी गरम करायचं काम. तोंड बंद ठेवायचंही काम होतं, पण ते मला कधी जमलं नाही.

बोलण्याचा कायदा झाला तो एका कानापायी. एकदा खुर्चीतला आणि बाकावरचा राजकारणावरून हमरीतुमरीवर आले. खुर्चीतल्याने मान गर्रकन वळवली आणि वस्तरा कानाला चाटून गेला. बाबांनी तुरटी लावली, हात धुतले आणि शांतपणे जाहीर केलं, "आजपासून माझ्या खुर्चीत बसेल तोच बोलेल. बाकीच्यांनी ऐकायचं. मी फडकं झटकलं की त्याचं संपलं. मग पुढचा नंबर."

फडकं म्हणजे गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायचं पांढरं कापड. बाबा ते असं झटकायचे की फाटदिशी आवाज यायचा आणि अख्खं दुकान आपोआप गप्प व्हायचं. न्यायाधीश आले तरी तोच कायदा, हमाल आला तरी तोच. न्यायाधीशसाहेब एकदा अर्ध्या वाक्यात उठले होते, कुरकुर न करता. घरातही तेच. आई दादाला झापायला लागली की तो टॉवेल झटकायचा, "झटकलं, पुढचा नंबर," आणि आईला नको असताना हसू फुटायचं. देवाशपथ सांगते, त्या हसण्यासाठी मी आजही काय वाटेल ते देईन.

दिवस तसे वाईटच होते, उगाच गोडवे गायचे नाहीत मला. गिरणी बंद पडली होती, पावाला रांग होती, आणि सरकारं फेसासारखी यायची नि विरून जायची. पण बाकडं भरलेलं असायचं आणि माणसं भांडून झाल्यावर एकमेकांच्या खिशातली काडेपेटी मागायची.

त्या बाकावर भोंगेवाला यायचा. सभांना भाड्याने भोंगे लावायचा त्याचा धंदा. सगळ्या पक्षांच्या सभा त्याच्याकडे, त्यामुळे सगळ्यांची भाषणं त्याला तोंडपाठ. खुर्चीत बसला की एकेका पुढाऱ्याची नक्कल करायचा. पडद्यामागे आई पदर तोंडात धरून हसायची. बारीक अंगाचा, नीटनेटका माणूस. जाताना मला "ताई, येतो हं," म्हणायचा. मला आवडायचा तो. खोटं कशाला बोलू?

एके दिवशी त्याने नक्कल केलीच नाही. आरशातून बाकावरच्यांकडे बघत तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही पावाच्या रांगेत का उभे असता, माहीत आहे? कारण कुणीतरी रांगेत न लागताच आत शिरलंय." आणि मग पुलापलीकडच्यांबद्दल बोलायला लागला. नदीच्या पलीकडे राहणारी ती माणसं, त्यांची बोली जरा वेगळी, एवढंच. पण तो असं बोलत होता की प्रत्येकाला वाटावं, हे तर माझ्याच मनातलं. दाढी संपली. बाबांनी फडकं झटकलं. भोंगेवाला उठायलाही लागला होता.

तेवढ्यात बाकावरचे शाळेतले जुने मास्तर म्हणाले, "अहो, बसा बसा. माझा नंबर घ्या तुम्ही. मला पेन्शनवाल्याला कसली घाई?"

बाबा घुटमळले. आपला नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही असं कायद्यात कुठे होतं? त्यांनी फडकं पुन्हा बांधलं. कापायला काही उरलं नव्हतं, बाबा आपले हवेत कात्री चालवत राहिले.

तिथून ती रीतच पडली. तो आला की कुणी ना कुणी नंबर द्यायचं. मास्तर, मग हमाल, मग न्यायाधीशसाहेबसुद्धा. देताना सगळ्यांच्या चेहऱ्यावर असा काही मोठेपणा असायचा की बघत राहावं. आमचा दादा तर पार वेडा झाला. भोंगेवाला आता स्वतःच सभा घ्यायचा, तर त्याच्या सभेला भोंगे बांधायला जायचा, त्याच्यासारखं हळू बोलायला शिकला, आरशावर त्याचा फोटो लावला. "तुझी दाढीसुद्धा तोच करतो का रे आता?" असं मी चिडवलं की तीन दिवस अबोला.

बेकरीवाला पुलापलीकडचा. वर्षानुवर्षं आमचं गिऱ्हाईक, दादाचा लहानपणापासूनचा दोस्त. एका सकाळी त्याचा नंबर आला आणि बाकावरून कुणीतरी म्हणालं, "याचा नंबर भोंगेवाल्यांना द्या."

बाबांचा हात थांबला. "स्वतःचा देता येतो. दुसऱ्याचा नाही."

भोंगेवाला नुसता हसत बसला. मग बेकरीवालाच उठला, "राहू दे काका, मला घाई नाही," म्हणाला आणि दाढी तशीच घेऊन गेला. तो परत कधी आला नाही. दादाने मान खाली घालून कात्री पुसली, पुन्हा पुन्हा पुसली.

मग निवडणूक झाली, भोंगेवाला निवडून आला, आणि काही महिन्यांनी सभागृहातल्या सगळ्यांनी देश सावरेपर्यंत आपले अधिकार त्याच्या हवाली केले. रेडिओवर टाळ्या वाजत होत्या. बाबांनी वस्तरा पट्ट्यावर घासत म्हटलं, "आपल्याच दुकानात शिकला हो."

भोंगेवाल्याच्या माणसांनी बेकरी फोडली त्या दिवशी दादा तिकडे धावत गेला. परत आला तेव्हा त्याच्या बुटांत काचा होत्या. बेकरीवाल्याला आणि त्याच्या बायकोमुलांना कुठे नेलं, ते कुणी सांगेना. फोटो मात्र आरशावर तसाच राहिला. लावायला कुणाची परवानगी लागली नव्हती, काढायची मात्र सोय नव्हती.

आणि मग निरोप आला की साहेब, भोंगेवाल्याला आता साहेबच म्हणायचं, आपल्या जुन्या दुकानात दाढी करायला येणार आहेत. फोटो काढणारे येणार, गणवेशातली माणसं येणार. आईने बाबांचा हात धरला. "एवढं ऐका माझं. आज फडकं झटकू नका. हळूच काढा, घडी घाला, ठेवून द्या. मास्तर नुसते हसले तर त्यांना उचललं. तुमचं काय करतील?"

"अगं, मला काय वेड लागलंय?" बाबा म्हणाले. "घडी घालीन."

तो आला. तसाच नीटनेटका. मला म्हणाला, "ताई, ओळखलं ना?" मी मान हलवली. तोंड बंद ठेवायचं काम मला आयुष्यात पहिल्यांदाच जमलं. बाकड्यावर जुनी गिऱ्हाइकं आणून बसवली होती, शाळेतल्या पोरांसारखी गुडघ्यावर हात ठेवून. बाबांनी दाढी केली, नेहमीसारखीच. तो बोलत होता, दुकानाबद्दल, साध्या माणसांबद्दल, कॅमेऱ्यांकडे बघून. पडद्यामागे आई माझं मनगट धरून उभी होती.

तुरटी फिरली. बाबांनी फडक्याची गाठ सोडली. आणि फाटदिशी झटकलं.

ते मुद्दाम होतं का? बाबा मरेपर्यंत म्हणत राहिले, "हातच गेला गं, सवयीने." मी कधी खोदून विचारलं नाही. वाक्य अर्धं राहिलं होतं आणि कायदा केल्यापासून इतकं गप्प ते दुकान कधीच झालं नव्हतं. तो उठला नाही. बाबा पांढरेफटक पडले होते, पण तोंडातून जे निघायचं ते निघालंच, "पुढचा नंबर?"

बाकडं जमिनीकडे बघत होतं. त्याने आरशातून सगळ्यांवर नजर फिरवली आणि हसला. "बघा. पुढचा नंबर कुणाचाच नाही."

"माझा आहे," दादा म्हणाला.

आपल्या खुर्चीमागून तो पुढे आला, हातातली कात्री ठेवली आणि खिडकीजवळच्या खुर्चीशी जाऊन उभा राहिला, नंबर आलेलं गिऱ्हाईक उभं राहतं तसा. बाबांकडे कुणी बघत नव्हतं आता. सगळे दादाकडे बघत होते. मला वाटतं, त्याला तेच हवं होतं.

साहेब उठला. दादाच्या गालावर थोपटलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी दोघं जण दादाला विचारपूस करायची म्हणून घेऊन गेले. जाताना त्याने पडद्याआड बघून आईला टॉवेल झटकल्याची खूण केली. आईला हसू आलं नाही. दादा परत आला नाही.

पुढची वर्षं मी दादाच्या खुर्चीमागे काढली. बाईमाणूस दाढी करतंय म्हणून कुणी नाक मुरडलं नाही, नाक मुरडायचीसुद्धा भीती होती तेव्हा. कामापुरते शब्द, "बारीक करा," "राहू द्या," बास. बाबा फडक्याची घडी घालायचे. आई गेली तेव्हाही दुकानात कुणी चार शब्द बोललं नाही.

साहेब सत्तेवरून पडला ती बातमी आली त्याच्या दुसऱ्या सकाळी बाकडं भरलं. माणसं आली, बसली, आणि काय करायचं ते कुणालाच सुचेना. बाबांनी पहिल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "बोला."

"काय बोलू?" तो म्हणाला. खरंच विचारत होता बिचारा.

तेव्हा बाबा स्वतः खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "बांध. आज माझा नंबर." मी फडकं बांधलं आणि कात्री घेतली. ते बोलले. दादा लहानपणी कसा पडद्याला लटकायचा, पहिल्यांदा कात्री धरली तेव्हा कसं स्वतःचंच डोकं भादरून घेतलं, आईला कसा हसवायचा. सगळे ऐकत होते. न्यायाधीशसाहेब रडत होते. बाबांचे विरळ केस केव्हाच कापून झाले होते, मी आपली हवेत कात्री चालवत होते. माझा हात काही केल्या फडक्याकडे जाईना. सगळा दिवस बोलले असते तरी मला हवंच होतं.

बाबांनी आरशातून माझ्याकडे बघितलं.

"झटक गं," ते म्हणाले. "लोक खोळंबलेत."